आबांच्या चेहऱ्यामागे

माझा आवाज मोठा आहे. जळगावच्या ज्या शाळेत मी खेळ शिकवते, तिथे मैदानाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाची कबड्डी मी नुसत्या हाकेवर थांबवते. शिट्टी गळ्यात असते ती नियमापुरती. रागही आवाजाच्याच मापाचा. तो येतो पटकन, जातोही पटकन, पण मधल्या पाच मिनिटांत समोरच्याचं काही खरं नसतं. हे मी अभिमानाने सांगत नाही आणि लाजूनही सांगत नाही. आहे ते आहे.

या रागाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये ते हमाल म्हणून लागले आणि ग्रेडर म्हणून निवृत्त झाले. ग्रेडरचं काम म्हणजे कापसाची गाडी आली की त्यातला पुंजका उचलायचा, दोन्ही हातांच्या अंगठा-बोटांत धरून ओढायचा, जुळवून पुन्हा ओढायचा, आणि धागा किती लांब, किती चिवट ते सांगायचं. तपासायचं मशीन फार उशिरा आलं. तोवर आबांची बोटं हेच मशीन. आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसाच्या बोटांवर मालक आणि शेतकरी दोघंही भरवसा ठेवतात, याचा आईला भारी अभिमान होता. आबांना स्वतःला अभिमानापेक्षा खोड्यांची हौस जास्त. आणि खोडी काढायला घरात मीच सापडायची.

पद्धत ठरलेली होती. मी तेरा-चौदा वर्षांची असल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. आबा हात धुऊन जेवायला बसायचे, पहिला घास घ्यायचे, सावकाश चावायचे, आणि न्यायाधीशाच्या गंभीरपणाने म्हणायचे, "मीठ कमी शे."

मीठ कमी नसायचं. मी आधीच दोनदा चाखलेलं असायचं. तरी मी पेटायचे. "कुठे कमी आहे? आईला विचारा. आणि कमी असेल तर उद्यापासून तुम्ही करा." आबा शांतपणे म्हणायचे, "कमी शे म्हणजे कमी शे." मी त्यांच्यापुढचं ताट ओढून घ्यायचे, आई पदर तोंडाला लावून हसायची, आणि आबांच्या डाव्या भुवईचं टोक इतकंसं वर जायचं. बाकी चेहरा जागच्या जागी. ते टोक वर गेलं की मला कळायचं की आपल्याला पुन्हा उल्लू बनवलंय, आणि मग मी आणखी चिडायचे.

एकदा शेवयांच्या खिरीलाही ते तसंच म्हणाले होते. लग्न होऊन मी जळगावला आले तरी सुटका नाही. फोनवर विचारायचे, "काय रांधं आज?" मी सांगायचे, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज यायचा आणि मग, "मीठ कमी शे." धरणगावात बसून यांना जळगावच्या भरितातलं मीठ कळायचं. मी फोन आदळायचे. माझा नवरा नाशिकला नोकरीला असतो, शनिवार-रविवारी घरी येतो. तो म्हणायचा, तुम्हा बाप-लेकीला भांडल्याशिवाय अन्न पचत नाही. खरंच पचायचं नाही.

आता आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल सांगते. ती आमच्याच घरात होऊ शकली असती.

आबा निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर घासायला लागला. खुर्चीत बसले की, टीव्ही बघताना, कुणाशी बोलताना, सारखं आपलं अंगठा आणि बोट, अंगठा आणि बोट. आम्ही काय करावं? आम्ही हसलो. धरणगावात कुणालाही विचारलं असतं तरी तो हेच म्हणाला असता, की जन्मभर कापूस ओढला, आता हात ऐकत नाही. येणारे-जाणारे कौतुकाने बघायचे. आईने तर एका रिकाम्या डब्यात रुई भरून ठेवली होती त्यांच्या खुर्चीशेजारी. बोटं चाळवायला लागली की ती एक पुंजका हातात द्यायची. आबा तो ओढायला लागायचे, आणि हात एकदम शांत. म्हणजे आमची खात्रीच पटली. बोटं कापूस मागतात, मिळाला की गप्प बसतात.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हाच त्या आजाराचा स्वभाव. हात रिकामा असला की थरथरतो, कामाला लावला की थांबतो. त्याला म्हणतात पार्किन्सन, आपल्याकडे कंपवात. आम्ही दुसऱ्या कुठल्या गावात राहत असतो, आबा मास्तर नाहीतर पोस्टमन असते, तर कुणीतरी वेळेवर दवाखाना दाखवला असता. आम्ही दोन वर्षं कंपवाताला कापूस चारत बसलो. हे आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते, आणि ती काढायला समोर कुणी नसतं.

त्यातच आई गेली. आबा रडले नाहीत. दिवसभर येणाऱ्या माणसांकडे नुसते बघत बसले. मला वाटलं, धक्का बसलाय. महिना गेला, सहा महिने गेले, तरी चेहरा तसाच. मी त्यांना जळगावला आणलं तेव्हा वाटलं, धरणगाव सोडायला लावलं म्हणून रुसलेत. मग एक दिवस लक्षात आलं की हा रुसवा नाही. चेहराच थांबलाय. पापण्यासुद्धा उगीच कधीतरी मिटतात. जळगावच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, चालायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली, आणि म्हणाले, या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, आवाज बारीक होतो, वास येईनासा होतो. त्यांना आत काय वाटतंय ते चेहऱ्यावरून ठरवू नका.

"मग कशावरून ठरवायचं?" मी विचारलं.

डॉक्टर चांगले होते, पण बाहेर वीस माणसं बसली होती. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

त्यानंतर मी गोड झाले. सांगताना लाज वाटते, पण झाले खरी. शाळेतून घरी येताना दारातच आवाज खाली ठेवायचा. "आबा, गोळी घ्यायची ना? आबा, थोडं चालायचं का?" असं लहान मुलाशी बोलावं तसं. शेजारच्या अक्का चारचौघीत म्हणायच्या, बापाचं करावं तर हिच्यासारखं. मला बरं वाटायचं. आबा सगळ्याला एकच उत्तर द्यायचे, अगदी तोंडाशी कान नेला तरच ऐकू येईल इतक्या आवाजात, "बठ्ठं ठीक शे." सगळं ठीक आहे.

आणि मिठाचं बोलणं बंद झालं. कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. अशा गोष्टी बंद होतात तेव्हा कळत नाहीत. एक दिवस जाणवलं की कित्येक महिन्यांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं नाही. मग मी एक वेडेपणा केला. वरणात मीठ घातलंच नाही. मुद्दाम. ताट वाढलं आणि समोर बसून राहिले. आबांनी वरणात भाकरी कुस्करली, एकेक घास करत सगळं संपवलं. मी विचारलं, "आबा, कसं झालंय?"

"बठ्ठं ठीक शे."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. मला आई जशी आठवते तसेच आबा आठवायला लागले होते, आणि ते तर समोर बसले होते. मला दुसरं काही नको होतं. बरे होणार नाहीत हे मला कळत होतं. हात थांबला नाही तरी चालेल. फक्त त्या चेहऱ्यामागे माझी खोडी काढावीशी वाटणारा माणूस अजून बसलाय की उठून गेलाय, एवढं मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

म्हणून धुळ्याचं ऐकलं तेव्हा मी मागचापुढचा विचार केला नाही. जळगावच्या दवाखान्यातच एका कागदावर माहिती लावली होती. धुळ्याच्या एका रुग्णालयात वयस्कर आणि पार्किन्सनच्या माणसांवर संशोधन चाललंय, मेंदू आनंदाच्या आठवणी काढताना कसा वागतो ते बघतात आणि त्याला सराव देतात. मी फोन केला. पलीकडून एक तरुण मुलगी बोलली. पुण्याला संशोधन करत होती, दर मंगळवारी धुळ्याला यायची, माहेर शिरपूरकडचं. आबांशी फोनवर दोन वाक्यं अहिराणीत बोलली. मी तिला मॅडम म्हणायला लागले, ती मला ताई.

धुळ्याला जायचं म्हणजे जळगावहून एरंडोल, पारोळा करत एसटीने. आबांना बसमध्ये चढवणं हे एक काम. सपाट रस्त्यावर ते चालतात, पण दार आलं, पायरी आली की पाय जमिनीला खिळतात. त्यावर माझा शाळेतला उपाय चालतो. कवायतीचे आकडे म्हटले की पाय सुटतात. मी कानाशी हळूच म्हणायचे, "एक, दोन, एक, दोन," आणि आबा पायरी चढायचे. कंडक्टर घाई करायला लागला तर मी त्याच्याकडे नुसतं बघायचे. आवाज चढवायचे नाही, आबांना त्रास नको म्हणून.

तिथे मोठं यंत्र असेल, बोगद्यात घालतील, असं मला वाटलं होतं. तर ती टोपी निघाली. काळी, कपाळावर घट्ट बसणारी, आत बारीक दिवे. मॅडमनी समजावून सांगितलं, हा उजेड हाडातून थोडा आत जातो आणि परत येतो. मेंदूचा कुठला भाग काम करायला लागला की तिथे रक्त जास्त जातं, ते या उजेडावरून कळतं. समोर पडद्यावर एक नारिंगी पट्टी दिसणार. आबांनी मनात एखादी आनंदाची आठवण आणायची. तो भाग जागा झाला की पट्टी वर चढणार. बघून बघून, कसं चढवायचं ते मेंदू शिकतो. शिकला तर मन थोडं हलकं राहील, लक्ष थोडं टिकेल, अशी आशा आहे. "आशाच आहे, ताई," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर तपासतोय."

चार पानी संमतीपत्र होतं. मॅडमनी सगळं वाचून दाखवलं. निम्मं मी ऐकलं, निम्म्या वेळात मी आबांना खुर्चीत सरळ बसवत होते. मग सही केली. आबांनीही केली. त्यांची सही आता मुंगीएवढी होते.

पहिल्या मंगळवारी पट्टी उठेना. दुसऱ्या मंगळवारी थोडी हलली. मॅडम म्हणाल्या, त्यांना आठवण निवडायला जड जातंय का बघा. झालं. मी गप्प बसणारी आहे का? शाळेची एक वही घेतली आणि त्यात आबांच्या आनंदाच्या आठवणी लिहून काढल्या. हमालाचे ग्रेडर झालात तो दिवस. जयंतीच्या मिरवणुकीत मला खांद्यावर घेऊन नाचलात ते. आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीला गेलात, येताना तिने संत्र्यांची अख्खी टोपली उचलून आणली ते. मला शाळेत नोकरी लागली तेव्हाचं. अशा पंधरा-सोळा. तिसऱ्या मंगळवारी मी मॅडमची परवानगी काढली आणि आबांच्या मागे बसून एकेक वाचायला लागले. वाचायचं आणि पट्टीकडे बघायचं. जयंतीला ती अर्ध्यावर गेली. ग्रेडरला तेवढीच. नागपूर वाचलं आणि पट्टी बसलीच खाली. मला इतकं वाईट वाटलं. मनात म्हटलं, आईची आठवण अजून दुखते त्यांना, आणि मी मूर्खासारखी तीच उकरतेय. वहीत नागपूरवर काट मारली. मॅडम म्हणाल्या, "ताई, एकेका चढ-उतारावरून अर्थ काढू नका." मी मान हलवली आणि घरी जाऊन काढायचे ते सगळे अर्थ काढले.

बसमध्ये आबांना विचारायचे, "नक्की कशाची आठवण काढली होती?" ते खिडकीबाहेर बघायचे. "बठ्ठं ठीक शे."

पाचव्या मंगळवारी ते झालं. आबांच्या डोक्याला टोपी लावून सराव सुरू होता. पाण्याची बाटली बाहेर थांबवलेल्या रिक्षात राहिली म्हणून मी आणायला गेले. ती खोली तळमजल्यावर, खिडकी उतरणीच्या बाजूला. उतरण म्हणजे खुर्चीवरच्या पेशंटला वर न्यायला सिमेंटची केलेली वाट. बघते तर एका माणसाने त्याच वाटेत मोटारसायकल आडवी लावलेली, आणि खाली एक म्हातारी बाई चाकाच्या खुर्चीत उन्हात बसलेली. तिचा मुलगा बिचारा इकडे तिकडे बघतोय. आणि मोटारसायकलवाला शेजारी उभा राहून फोनवर गप्पा मारतोय.

मी त्याला आधी नीट सांगितलं. तो म्हणाला, दोन मिनिटं. मी म्हटलं, आत्ता. तो म्हणाला, तुमचं काय जातंय? एवढं पुरलं. दीड वर्ष दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, माझे विद्यार्थी वाचतील. पण पलीकडच्या इमारतीतून लोक गॅलरीत आले होते. त्याने गाडी हलवली, फोन बंद केला, म्हातारीची खुर्ची वर ढकलायलाही हात लावला. मी घाम पुसत, बाटली घेऊन आत आले.

मॅडम पडद्याकडे बघत उभ्या होत्या. "ताई, तुम्ही बाहेर कुणाशी बोलत होतात?"

"बोलत नव्हते. भांडत होते."

"पट्टी बघा."

नारिंगी पट्टी अगदी माथ्याला टेकली होती. मी बघताबघता ती थरथरली आणि हळूहळू खाली आली. इतक्या मंगळवारांत ती कधी निम्म्याच्या वर गेली नव्हती. मॅडम लगेच म्हणाल्या, "एवढ्यावरून काही ठरवायचं नाही हं." पण त्यांचंही तोंड हसरं झालं होतं. मी आबांसमोर जाऊन वाकले. तोच चेहरा, तीच न मिटणारी पापणी. भुवईचं टोक मी डोळ्यात तेल घालून बघितलं. हललं नाही.

परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी स्वतःवरच चिडत राहिले. अगं बाई, तुला आयुष्यभर भडकवण्यात ज्या माणसाला सगळ्यात जास्त मजा आली, त्याच्यापुढे तू दीड वर्ष नर्ससारखी कुजबुजतेस? त्याला तुझा गोडवा हवाय असं तुला सांगितलं कुणी? माझा बाप मला हरवला होता तसा माझा राग त्याला हरवला असेल, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. पारोळ्याला बस थांबली तेव्हा मी त्यांच्याकडे वळून मोठ्याने म्हटलं, "आबा, मफलर नीट गुंडाळा, पन्नास वेळा सांगितलंय तुम्हाला." पुढच्या सीटवरची बाई दचकली. आबा खिडकीबाहेर बघत होते. पण मला वाटलं, आत कुठेतरी नारिंगी काहीतरी सरकलं.

त्या दिवसापासून घरात माझा आवाज परत आला. गोळी घ्या, काय नाटकं लावलीत. अर्धी भाकरी ताटात टाकायची नाही, मी काय कारखान्यातून आणते? पाय उचला, एक, दोन, जमीन काय धरून ठेवलीय? अक्का एकदा काळजीने विचारायला आल्या, सगळं बरं आहे ना गं? मी म्हटलं, अक्का, औषध चालू आहे. त्यांना काही कळलं नाही. मिठाचं बोलणं काही परत आलं नाही, पण मी आता वाट बघत होते, रडत नव्हते. प्रत्येक ओरडण्यानंतर त्यांच्या डोक्यावर मला ती पट्टी दिसायची. उरलेल्या मंगळवारांत पट्टी कधी चढली, कधी पडली. मी ते मनावर घेतलं नाही. एकदा माथ्याला टेकलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती.

मंगळवार संपले. दीडेक महिन्याने शेवटची तपासणी होती. आबांना शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, त्यांनी ते रुपयाच्या नाण्याएवढं काढलं पण काटे बरोबर जागी. मग मॅडमनी आबांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या.

"ताई, संमतीपत्रात होतं ते आठवतं का? काही जणांना त्यांची स्वतःची पट्टी दाखवणार, काही जणांना नाही. कोण कुठल्या गटात ते मलाही माहीत नव्हतं. काल कळलं."

मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

"आबांना दाखवलेली पट्टी त्यांची नव्हती. दुसऱ्या कुणाची तरी, आधी नोंदवून ठेवलेली."

"कोणाची?"

"ते मला माहीत नाही, ताई."

"मग मी भांडत होते तेव्हा कोण खूश झालं होतं?"

 मॅडमनी सांगितलं की असं करावंच लागतं. नाहीतर माणसाला बरं वाटलं ते पट्टीमुळे, की दर मंगळवारी कुणी लेकीसारखं शेजारी बसून बोलतं म्हणून, हे कधी कळणारच नाही. त्यात काही खोटं नव्हतं, ते मलाही कळत होतं. मी शेवटचं विचारलं. आबांचं स्वतःचं, त्या वेळचं खरं, ते काहीतरी नोंदलं असेल ना? मॅडमनी कागद चाळले. "असतं एरवी. पण तेवढ्याच वेळात त्यांनी मान खिडकीकडे वळवली, टोपी सरकली. ती नोंद वापरता येत नाही." मग म्हणाल्या की पुढच्या महिन्यापासून त्यांच्या गटातल्या माणसांना खरी पट्टी दाखवणार आहोत, आबांना आणाल ना? मी त्यातलं फक्त 'वापरता येत नाही' एवढंच ऐकलं आणि उठले.

एरंडोल येईपर्यंत मला रडू येत होतं आणि एरंडोलनंतर राग. कोण कुठला माणूस, कधी काळी त्याला काय आठवलं, त्याच्या आनंदावर मी माझं घर चालवलं. जयंतीला चढली ती त्याची. नागपूरला पडली ती त्याची. आईच्या आठवणीवर मी काट मारली ती कुणाच्या तरी मनावरून. आणि माझे आबा, ते तर दीड वर्षापूर्वीच उठून गेले असतील, आणि मी दोन महिने रिकाम्या खुर्चीवर ओरडतेय. शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल इतक्या जोरात.

घरी आलो तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. आबांना स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांच्या खुर्चीत बसवलं. बोलले नाही. गोडही नाही, कडूही नाही. पातेलं आदळून ठेवलं. साखरेचा डबा आदळला. गाळणं हातातून पडलं, ते पायाने सरकवलं. चहा केला आणि त्यांच्या स्टीलच्या पेल्यात अर्धा ओतला, पूर्ण भरला तर हात सांडतो म्हणून. त्यांच्या दोन्ही हातांत दिला आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे पेला दातांवर थोडा वाजला. मग घोट घेतल्याचा आवाज.

मग काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं. मला वाटलं, बठ्ठं ठीक शे. मी वळलेही नाही. परत तेच झालं. मी चिडून वळले, त्यांच्या तोंडाशी कान नेला. "काय म्हणता?"

आबांनी पेल्यात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. श्वास गोळा केला.

"मीठ कमी शे."

मी भुवईकडे बघितलं. टोक हललं नाही, काहीच हललं नाही. खिडकीकडे वळलेली ती मान मला तेव्हा आठवली.

"चहात मीठ घालतात का?" मी ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. "आयुष्यभर छळलंत मला, आता चहासुद्धा सोडत नाही? कमी आहे काय? थांबा." मला पुढचं दिसत नव्हतं, डोळे भरले होते, तरी ओरडत होते. अक्कांच्या घराचं दार उघडल्याचं ऐकू आलं. मी मिठाचा डबा आणला, त्यांच्या डोळ्यांदेखत भरलेली चिमूट पेल्यात टाकली आणि चमच्याने खणखण ढवळलं. "घ्या. प्या आता."

आबांनी पेला सावकाश तोंडाला लावला आणि तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.